कुस्तिना कुस्तिना यांची परवानगी

आमच्या गल्लीत एकतीस घरं आहेत आणि छायाचित्र स्पर्धेची वेबसाइट करायला जी समिती नेमली तिच्यात अठरा माणसं होती. त्यांपैकी सात खाद्य विभागात. वेबसाइटला खाद्य विभाग कशाला, असं मी पहिल्याच बैठकीत विचारलं, तर गल्लीप्रमुख गुनादी माझ्याकडे बघतच राहिले.

"मास्तर, समिती म्हटली की बैठक आली. बैठक म्हटली की खाणं आलं. की ते खाणं पण वेबसाइटवरूनच उतरवून घ्यायचं?"

सगळे हसले. खाद्य विभागाने तेवढ्यात प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा एकेक डबा दिला. केळीच्या पानात बांधलेला चिकट भात, एक तळलेला रोल आणि एक हिरवी मिरची. मिरची चावता चावता समितीने ठराव केला, की यंदाच्या सतरा ऑगस्टची, म्हणजे आमच्या स्वातंत्र्यदिनाची, स्पर्धा ऑनलाइन होईल आणि सालातिगा शहरातली अशी ही पहिली गल्ली असेल. खरंच पहिली होती का, हे कुणी तपासलं नाही. तपास विभाग नव्हता.

तांत्रिक विभागात आम्ही दोघंच होतो. मी आणि गुनादींची सून विनार्सी. ती घरी बसून कापडवाल्यांच्या वेबसाइट करते, तेव्हा तिचं ठीक होतं. माझी निवड झाली कारण मी व्यवसाय शाळेत एकतीस वर्षं टंकलेखन आणि कार्यालयीन पत्रव्यवहार शिकवला. टाइपरायटर आणि वेबसाइट यांत, गुनादींच्या मते, फक्त विजेचा फरक आहे.

पण मुळात ही कल्पना माझीच होती. का होती, ते मी समितीला सांगितलं नव्हतं. इथे सांगतो.

माझी बायको कुस्तिना गेली त्याला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजार दिवस होणार होते. हजाराव्या दिवशी आमच्याकडे माणसं जमतात, सतरंजीवर बसून कुराणातला यासीन हा अध्याय वाचतात, जेवतात, आणि जाताना प्रत्येकाला यासीनची एक पुस्तिका मिळते. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर गेलेल्या माणसाचा फोटो असतो. गल्लीतल्या कुठल्याही घरात जा, कपाटावर अशा दहा-पंधरा पुस्तिका असतात आणि गेलेली सगळी माणसं तिथून आपल्याकडे बघत असतात. कुस्तिनाची पुस्तिका करायची होती, आणि माझ्याकडे तिचा फोटो नव्हता.

छत्तीस वर्षांचा संसार आणि फोटो नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. मलाही वाटलं. मी सगळं घर उपसलं. बालिकपापानला राहणाऱ्या मुलीला विचारलं, तिच्याकडेही नव्हता. तिच्या फोनमध्ये चार हजार फोटो होते. त्यात फणस होते, मांजरं होती, पावसात भिजलेल्या चपला होत्या, मी तोंड उघडं टाकून झोपलेलो असे एकवीस होते. तिचा एकही नव्हता. फोन तिच्याच हातात असायचा, मग तिचा कोण काढणार? मी कधी काढला नाही. काढावा असं मनातही आलं नाही. ती तिथेच तर होती.

लग्नाचा फोटो आहे. पण त्यात तिच्या कपाळावर काळ्या रंगाची नक्षी, चेहऱ्यावर बोटभर पावडर आणि डोक्यावर सोनेरी काट्यांचा डोंगर. आमच्याकडच्या सगळ्या नवऱ्या लग्नाच्या दिवशी एकसारख्या दिसतात. माझ्या मेहुणीने एकदा तो फोटो स्वतःचा समजून घरी नेला होता आणि तीन महिने भिंतीवर लावला होता.

राहिलं ओळखपत्र. ते मृत्यूची नोंद करताना कार्यालयात जमा करावं लागलं. त्याच दिवशी माझंही नवं ओळखपत्र मिळालं, त्यावर 'विवाहित' होतं तिथे 'मृत्यूमुळे विभक्त' असं आलं. तिच्या ओळखपत्राच्या झेरॉक्स मात्र घरात चौदा होत्या, कारण आमच्याकडे कशालाही झेरॉक्स लागते. पण त्या सगळ्या झेरॉक्सच्या झेरॉक्स. पहिलीत तिच्या भुवया तरी दिसतात. चौदावीत नुसता एक काळा डाग आहे, आणि त्याखाली नाव.

आता कुणी म्हणेल, शेजाऱ्यांकडे मागायचा. ती या गल्लीत तीस वर्षं राहिली, कुणाच्या तरी फोनमध्ये असणारच. बरोबर आहे. पण मागायचा कसा? दारात उभं राहून काय म्हणायचं? 'माझ्या बायकोचा फोटो असेल तर द्या, मी तिचा कधी काढला नाही'? आमच्याकडे माणूस शेजाऱ्याकडे साखर मागायलाही आधी अर्धा तास हवापाण्यावर बोलतो, आणि पुष्कळदा साखर न मागताच परत येतो. मी तीन वेळा सार्तिनीबाईंच्या दुकानावर गेलो. गल्लीच्या तोंडाशी त्या सोतो विकतात, कोंबडीचं पातळ सूप आणि भात, आणि कुस्तिनाची त्यांच्याशी सगळ्यात जास्त मैत्री होती. तिन्ही वेळा मी सोतो खाऊन परत आलो. चौथ्यांदा पोट बिघडलं.

तेव्हा मला स्पर्धा सुचली.

ही स्पर्धा कुस्तिनाचीच होती. दर सतरा ऑगस्टला, मुलांच्या पोत्यातल्या शर्यती चालू असताना, ती पहाऱ्याच्या चौकीत दोरी बांधायची आणि सगळ्यांनी आणलेले फोटो कपड्यांच्या चिमट्यांनी तिच्यावर टांगायची. ती गेल्यावर कुणी दोरी बांधली नाही. मी म्हटलं, आपण ती पुन्हा सुरू करू, पण ऑनलाइन. विषय ठेवू 'आपली गल्ली, काल आणि आज'. प्रत्येकाने हवे तेवढे फोटो द्यायचे. मी घरी बसून एकेक बघणार. कुठेतरी, कुणाच्या तरी लग्नात, कुणाच्या तरी मागे, ती सापडणार. मला कुणाकडे काही मागावं लागणार नाही.

म्हणजे एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी मी अठरा माणसांची समिती उभी केली. हे मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं.

विनार्सीने आठवड्यात वेबसाइटचा सांगाडा तयार केला. तो परदेशातला होता आणि त्याला नाव आणि आडनाव दोन्ही लागायचं. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना एकच नाव आहे. मला आडनाव नाही, माझ्या वडिलांना नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

"काका, तो रकाना रिकामा सोडला तर पुढे जात नाही," विनार्सी म्हणाली.

"मग काढून टाक तो रकाना."

"काढला तर सगळंच कोसळतं. तुम्ही तेच नाव दोनदा लिहा ना. सगळे तसंच करतात."

अशा रीतीने मी मार्दियो मार्दियो झालो आणि सार्तिनीबाई सार्तिनी सार्तिनी. मला ते शाळेत हजेरी घेताना दोनदा हाक मारल्यासारखं वाटायचं. घरात मी कुस्तिनाला अशीच हाक मारायचो. पहिल्या हाकेला ती कधी ओ द्यायची नाही.

मग गुनादींनी मजकूर पाठवला. वेबसाइट उघडली की आधी त्यांचं स्वागतपर भाषण, मग गणवेशातला त्यांचा फोटो, मग सही. सही झाल्यावर ते म्हणाले, "शिक्का कुठंय?"

"बाबा, वेबसाइटला शिक्का नसतो," विनार्सी म्हणाली.

"शिक्का नाही तर लोक विश्वास कसा ठेवतील? उद्या कुणीही येईल आणि वेबसाइट काढेल. आणि हे बघ, शिक्का सहीवर थोडा चढलेला पाहिजे. डावीकडून. नाहीतर तो खोटा."

शिक्का लावला. फोनवर तो सहीवर चढला, तिथून खाली घसरला आणि 'फोटो पाठवा' या बटणावर जाऊन बसला. तीन दिवस गल्लीतले लोक शिक्क्यावर बोट दाबत होते. काहींना वाटलं, हीच हजेरी. बकरीवाले पाइमान रोज सकाळी एकदा दाबून जायचे.

परीक्षणाची चाचणी घेतली. पाच परीक्षकांनी शंभरपैकी गुण द्यायचे होते. पाचही जणांनी सगळ्या फोटोंना ऐंशी दिले. मी म्हटलं, थोडा फरक करा. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ऐंशीच्या खाली द्यायचे म्हणजे शेजाऱ्याचा अपमान, आणि वर द्यायचे म्हणजे बाकी तीस शेजाऱ्यांचा. शेवटी ठरलं, की गुण ऐंशीच राहतील आणि नंबर भिशीसारखे, पेल्यातून चिठ्ठी काढून लागतील. अख्ख्या वेबसाइटचं जे मुख्य काम, ते पाण्याच्या पेल्याकडे गेलं.

इथवर ठीक होतं. गाडी अडली ती परवानगीवर. गुनादींना वॉर्डाच्या कार्यालयात कुणीतरी सांगितलं, की आता नवा कायदा आहे, माणसाचा फोटो त्याला विचारल्याशिवाय लावता येत नाही. गुनादी कायद्याला घाबरत नाहीत, पण आपल्याला कायदा माहीत नाही असं कुणी म्हणेल याला फार घाबरतात.

"मास्तर, फोटोत जितकी माणसं, तितक्यांची परवानगी. लेखी. हे तुमचं खातं. पत्रव्यवहार."

हे मात्र खरंच माझं खातं होतं. मी दोन दिवस बसून पद्धत आखली. फोटो पाठवणाऱ्याने त्यातल्या प्रत्येक माणसाचं नाव आणि फोन नंबर द्यायचा. त्या माणसाला आपोआप निरोप जाईल. त्याने तीन दिवसांत 'हो' दाबलं तर फोटो लागेल. नाही दाबलं तर फोटो बाद, आणि बाद झालेला फोटो कुणालाही दिसणार नाही, समितीलाही नाही, तांत्रिक विभागालाही नाही. हे शेवटचं कलम मी स्वतः घातलं आणि त्याचा मला फार अभिमान होता. निरोपाचा मसुदा मी सात वेळा लिहिला. शाळेत मी मुलांना सांगायचो, पत्र असं लिहा की वाचणाऱ्याला खुर्चीत सरळ बसावंसं वाटलं पाहिजे. मसुदा असा होता:

'नमस्कार. आपण ज्यात आहात असे एक छायाचित्र स्पर्धेसाठी आले आहे. आपली परवानगी असल्यास कृपया कळवावे. आपल्या उत्तराची मी वाट पाहत आहे. आपला विश्वासू, मार्दियो मार्दियो.'

"काका, एवढं लांब कोण वाचतं? 'फोटो लावू का? हो, नाही' एवढं पुरे आहे," विनार्सी म्हणाली.

"पुरे नाही. माणसाला विचारतोय आपण, लिफ्टला नाही."

ऑगस्टच्या दहा तारखेपर्यंत दोनशे बारा फोटो लागले. मी रोज सकाळी चहा घेऊन बसायचो आणि एकेक मोठा करून बघायचो. लग्नं बघितली, पूर बघितला, सार्तिनीबाईंच्या दुकानाचं उद्घाटन बघितलं. पाइमानच्या बकरीचे चौतीस होते, कारण बकरीचा फोन नंबर कुणी मागितला नव्हता. गर्दीतल्या मागच्या रांगा बघितल्या, खिडक्या बघितल्या, आरसे बघितले. कुस्तिना कुठेच नव्हती.

मी पुन्हा पहिल्यापासून बघितले.

मग मला राग यायला लागला. बाई तीस वर्षं या गल्लीत राहिली. कुणाच्या बाळंतपणाला गेली, कुणाच्या मयताला भात शिजवला, यांचे फोटो काढून चिमट्यांनी टांगले, आणि दोनशे बारा फोटोंत तिला जागा नाही? बकरीला चौतीस! मी शेजाऱ्यांशी तुटक बोलायला लागलो. 'कुठे निघालात मास्तर' या प्रश्नाचं आमच्याकडे उत्तर द्यायचं नसतं, नुसतं हसायचं असतं. मी उत्तर द्यायला लागलो. 'दुकानात. साबण आणायला.' लोक दचकायचे. मास्तर भयंकर चिडलेत हे एका दिवसात गल्लीभर झालं, पण कशावर, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

सतरा तारखेला चिठ्ठी काढली. पहिला नंबर बकरीला आला.

छापखान्याचे हेंद्रो फोटोसाठी रोज विचारत होते. शेवटी मी त्यांना ती पहिली झेरॉक्स नेऊन दिली, भुवया दिसतात ती. त्यांनी ती उजेडात धरली, मग उलटी केली, मग पुन्हा सुलटी केली.

"मास्तर, हा फोटो आहे की अंगठ्याचा ठसा?"

"माझी बायको आहे."

हेंद्रो एकदम उठून उभे राहिले. "माफ करा. मी... करतो काहीतरी. करू आपण." आणि त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी असा टेबलावर ठेवला, की मला तिथे थांबवेना.

परत येताना सार्तिनीबाईंनी मला दुकानापाशी अडवलं. त्या कधी कुणाला अडवत नाहीत. हातात डाव होता.

"मास्तर, बसा इथं. आज मी बोलणार आहे. एकवीस वर्षं तुम्हाला सोतो वाढतेय, आणि पंधरा दिवस झाले, तुम्ही माझ्या दुकानावरून तोंड फिरवून जाताय. मी काय केलं?"

"काही नाही केलंत. तेच तर."

"तेच तर म्हणजे?"

त्यांनी डाव खाली ठेवला.

"चिडायचं तर मी चिडायला पाहिजे. माझा फोटो तुमच्या यंत्राने परत पाठवला. मी कुणाला बोलले नाही, म्हटलं मास्तरांना लागेल. पण निरोप काय पाठवला माहितंय? 'कुस्तिना कुस्तिना यांनी परवानगी दिलेली नाही.' मला! कुस्तिनाने! ती जन्मात मला असं बोलली असती का हो?"

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं.

"तुम्ही नंबर कुठला दिलात?"

"तिचाच. तुमचा तो तक्ता नंबर दिल्याशिवाय पुढे जाईना. दुसरा कुठला देऊ? तिचा नंबर मला अजून पाठ आहे. आणि मी एकटीच नाही. पाइमानच्या बायकोचा परत आला, पलीकडच्या तिघींचे आले. सगळ्या मनात कुढत बसल्यात, की आपण मास्तरांना दुखावलं."

मी उठलो. सोतोचा वाडगा तसाच राहिला.

कुस्तिनाचा फोन स्वयंपाकघरातल्या खणात होता, चमच्यांच्या बाजूला. फोटो शोधायला एकदा चालू केला तेवढाच, एरवी मी तो दोन वर्षं बंद ठेवला होता, पण नंबर चालू ठेवला होता. दर महिन्याला रिचार्ज करायचो. मुलीने बालिकपापानहून एकदा विचारलं, 'बाबा, कशाला?' मी म्हटलं, असू दे. रिचार्ज नाही केलं तर कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणाला देते. मला चुकून कधी तो लावावासा वाटला, तर दुसऱ्या कुणी 'हॅलो' म्हणायला नको होतं. एवढंच कारण.

फोन चार्जिंगला लावला. चालू व्हायला त्याने बराच वेळ घेतला. मग तो वाजला. मग वाजतच राहिला. टेबलावर थरथरत तो चमच्यांपर्यंत सरकला आणि चमचेही वाजायला लागले. एकोणीस निरोप होते.

'नमस्कार, कुस्तिना कुस्तिना. आपण ज्यात आहात असे एक छायाचित्र स्पर्धेसाठी आले आहे. आपली परवानगी असल्यास कृपया कळवावे. आपल्या उत्तराची मी वाट पाहत आहे. आपला विश्वासू, मार्दियो मार्दियो.'

एकोणीस वेळा. मी सगळे वाचले. अगदी शेवटपर्यंत, प्रत्येक वेळी. शाळेत मी सांगायचो तसा मी खुर्चीत सरळ बसलो होतो.

मग पहिल्या निरोपाखाली 'हो' दाबलं. यंत्र म्हणालं, 'क्षमस्व, तीन दिवसांची मुदत संपली आहे.' हेही वाक्य माझंच होतं.

मी विनार्सीकडे गेलो. ती म्हणाली, "काका, मी आत्ता उघडते." आतून गुनादी म्हणाले, "थांब! मुदत समितीने ठरवलीय. समितीच वाढवेल. मास्तर, उद्या संध्याकाळी बैठक. खाद्य विभागाला कळवतो."

दुसऱ्या दिवशी पहाऱ्याच्या चौकीत सगळे जमले. डबे वाटले गेले. गुनादींनी विषय वाचला: 'बाद छायाचित्रांची मुदत वाढवणे, प्रस्तावक तांत्रिक विभाग.' मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, कारण सांगा. इतिवृत्तात लिहायला लागतं."

मी घरून कारण लिहून आणलं होतं. चांगलं अर्धा पान. 'स्पर्धकांच्या न्याय्य हक्कांचा विचार करता' असं सुरू होत होतं. मी कागद उघडला आणि वाचता येईना. चष्मा पुसला. तरी येईना.

"मला तिचा फोटो पाहिजे," मी म्हणालो. "हजाराव्या दिवसाला. माझ्याकडे एकही नाही."

इतिवृत्त लिहिणाऱ्याने पेन उचलून धरलं होतं, ते तसंच राहिलं.

"म्हणजे," सार्तिनीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ही समिती, ती वेबसाइट, तो शिक्का... हे सगळं त्याच्यासाठी?"

"हो."

"अहो, मग माझ्या दुकानावर येऊन नुसतं म्हणायचं ना, 'सार्तिनी, फोटो दे'!"

"आलो होतो. चार वेळा."

त्यांनी ओढणीचं टोक तोंडाला लावलं. हसल्या की काय ते मला समजलं नाही. त्यांनाही समजलं नसावं.

गुनादींनी घसा साफ केला. "माझ्याकडेही आहेत," ते म्हणाले. "मी मुद्दामच पाठवले नाहीत. म्हटलं, मास्तर बघतील आणि..." त्यांनी पुढचं बोलायच्या ऐवजी रोल खाल्ला. मग म्हणाले, "ठराव मंजूर. मुदत काढून टाका. सगळ्यांसाठी, कायमची. लिहा."

विनार्सीने तिथेच बसून मुदत काढली. मी खिशातून कुस्तिनाचा फोन काढला. मुदत गेली तसे निरोपांखाली फोटोही दिसायला लागले होते. एकेक बघून मी 'हो' दाबत गेलो. सगळे माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले.

पहिल्यात तिची पाठ होती. दुसऱ्यात तिने तोंडासमोर फोन धरलेला, समोरच्याचाच फोटो काढत होती. तिसऱ्यात ती खांबाआड. चौथ्यात हात. पाचव्यात हात. कुणी फोन उचलला की ती पंजा पुढे करायची, 'माझा नको, माझा नको'. एकोणीस फोटोंत तिचा तळहात सहा वेळा होता. अंगठ्याखाली तेल उडून पडलेला डाग होता, तो मी ओळखला. एवढ्या स्पष्टपणे मी तो घरी कधी बघितला नव्हता.

"काय बाई होती," पाइमानची बायको म्हणाली, "एक धड फोटो काढू दिला नाही."

सतरावा सार्तिनीबाईंचा होता. त्यात ती होती. चौकीच्या पायरीवर बसलेली, मान मागे टाकून हसत होती, डोळे मिटलेले, सगळे दात बाहेर. फोटोच्या कडेला एक कोपर आणि लाकडी पट्टी दिसत होती.

"कशाला हसतेय?" मी विचारलं.

"तुम्हाला!" सार्तिनीबाई म्हणाल्या. "विसरलात? कुरकुरीत पापड दोरीला टांगून हात न लावता खायची शर्यत होती. तुम्ही हरलात आणि तक्रार केलीत की तुमचा पापड बाकीच्यांपेक्षा चार बोटं उंच होता. घरी जाऊन पट्टी घेऊन आलात, आणि अख्ख्या गल्लीसमोर दोऱ्या मोजत बसलात. ती म्हणाली, 'बघ सार्तिनी, या माणसाशी लग्न केलंय मी.' आणि हसत सुटली. हात पुढे करायलाही विसरली."

तो पापड खरोखरच उंच होता. पण ते मी तेव्हा बोललो नाही.

हेंद्रोंनी फोटो बघितला आणि डोकं खाजवलं. "मास्तर, सुरेख आहे. पण यासीनच्या पुस्तिकेवर एवढे दात? लोक काय म्हणतील? मी कॉम्प्युटरवर तोंड मिटवून देतो. कळणारही नाही."

"छत्तीस वर्षांत मला जमलं नाही," मी म्हटलं, "तुम्ही कुठे मिटवताय. राहू द्या."

"आणि हे कोपर? ते तरी कापू?"

"तेही राहू द्या."

हजाराव्या दिवशी संध्याकाळच्या नमाजानंतर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सार्तिनीबाईंनी सकाळपासून माझ्या अंगणात पातेलं चढवलं होतं. यासीन वाचून झालं, जेवणं झाली, मी दारात उभा राहून प्रत्येकाच्या हातात पुस्तिका दिली. हातात पुस्तिका आली की माणूस मान खाली घालून गंभीरपणे मुखपृष्ठ बघायचा, आणि मग त्याच्या ओठांचे कोपरे हलायचे, आणि तो घाईघाईने चपला शोधायला लागायचा. कुणीतरी गुनादींना हळूच विचारलं, हे कोपर कुणाचं? गुनादी म्हणाले, "तांत्रिक विभागाचं."

सगळे गेल्यावर विनार्सी भांडी आवरायला थांबली होती. ती म्हणाली, "काका, वेबसाइटवर एक परवानगी अजून राहिलीय. अठरांना 'हो' आहे, एकाला काहीच नाही. आपण मुदत काढली ना, म्हणून ते रोज सकाळी सातला आठवण पाठवत राहणार. मी बंद करून टाकू?"

तो कुठला, ते मला माहीत होतं. त्या फोटोत नुसता तळहात होता, सगळा फोटो भरून. इतकं स्पष्ट 'नको' म्हटलेलं असताना तिच्या वतीने मी 'हो' कसं दाबणार? आणि 'नाही' दाबलं की ते प्रकरण बंद.

"राहू दे," मी म्हटलं.

आता खणात चमच्यांच्या बाजूला तिचा फोन चार्जिंगवर असतो. रोज सकाळी सातला, मी चहाचं आधण ठेवतो त्या वेळी, तो वाजतो. नमस्कार, कुस्तिना कुस्तिना. आपल्या उत्तराची मी वाट पाहत आहे.

नाव दोनदा येतं, ते बरं आहे.